माझं अक्षर, सखूचा हात

गुरुजी गेल्याची बातमी आली त्या दिवशी मी पुरण शिजवलं. सणवार काही नव्हता. हरभऱ्याची डाळ टाकली, गूळ फोडला, विलायची कुटली, आणि पोळ्या लाटता लाटता मागच्या गल्लीतून येणारा रडण्याचा आवाज ऐकत राहिले. शेजारची सून दारात येऊन म्हणाली, "काकू, आज काय हाय जी?" मी म्हटलं, "काई नाई, खावं वाटलं." तिला तूप घालून दोन पोळ्या दिल्या. तिरडी आमच्या दारावरून गेली तेव्हा मी चौथी पोळी खात होते. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. या वयात माणसानं सोडून द्यायला शिकावं म्हणतात. माझे दात सुटले, गुडघे सुटले, हे काही सुटलं नाही. तेव्हा आहे तसं लिहून ठेवते.

आमचं गाव भीमपूरकडचं, तेलुगू मुलखातलं, पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर. पलीकडं महाराष्ट्र. नदी उन्हाळ्यात गुडघाभर असे, बाया लुगडं वर धरून माहेरी जाऊन येत, आणि तरी दोन्ही काठांवरची शाळेची पुस्तकं वेगळी, ठाणी वेगळी, सायबाशी बोलायची भाषा वेगळी. बाबांची तीन एकरांची वाडी होती. वांगी, मिरची, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. बाबा सकाळी बैलगाडीनं माल घेऊन आदिलाबादच्या बाजारात जात आणि तिथं तोंडातून तेलुगू काढत. घरी आले की मीठ कमी आहे एवढंही मराठीत सांगायचा त्यांना कंटाळा. बोलायचं काम मायचं. माय सतत बोले, भाकर थापताना, मिरच्या खुडताना, झाडाशी, बैलाशी. आमच्या घराचा आवाज म्हणजे मायचं बोलणं आणि त्याखाली परातीत पडणारे भाकरीचे थापे. ज्वारीच्या कण्या घालून ती अंबाडीची भाजी करी, वरून लसणाची फोडणी, आणि ती फोडणी तडतडली की मी कुठंही असले तरी घरी येई. आता आमच्या भागात जिकडं तिकडं सोयाबीन झालंय, अंबाडी शोधावी लागते. शोधली तरी मी ती खात नाही. त्याचं कारण पुढं येईल.

गुरुजी नदीपलीकडून आमच्या गावी नोकरीला आले आणि इथलेच झाले. मराठी शाळेत ते एकटेच पहिली ते सातवी सांभाळत. उंच, पांढरं धोतर, सदऱ्याच्या खिशाला शाईचा डाग. मारत नसत. अक्षर खराब आलं तर मागून येऊन आपल्या हातात पोराचं मनगट धरत आणि तीच ओळ पुन्हा लिहायला लावत, ती नीट येईपर्यंत मनगट सोडत नसत. माझं अक्षर त्यांनी घडवलं. माझा 'ळ' लिहायची एक तऱ्हा होती, दुसरी गाठ ओळीच्या खाली उतरायची. ती मोडायचा त्यांनी वर्षभर प्रयत्न केला आणि मग म्हणाले, "असू दे सुमन. छान दिसतोय." माझ्या वह्या त्यांनी शाळेच्या कपाटात ठेवून घेतल्या. पुढच्या पोरांना त्या दाखवत. एका वाडीवाल्याच्या पोरीला यापेक्षा मोठा मान कोणता मिळणार. मला गुरुजी आवडत होते हे लिहून टाकते, नाहीतर पुढचं खरं वाटणार नाही.

सखू माझ्याच वयाची. तिची माय गयाबाई विधवा, मागच्या गल्लीत एका खोलीत दोघी राहत. पुरुषमाणूस नाही, भाऊबंद नाहीत, वाडी नाही. सखू तिसरीतून सुटली आणि मायबरोबर शहराच्या रस्त्यावरच्या जिनिंगात, सरकी काढायच्या कारखान्यात, जाऊ लागली. हंगामात सकाळी ट्रॅक्टर येई आणि पाच-सहा गावांच्या बाया ट्रॉलीत उभ्या राहून जात. परत येत तेव्हा केसांत, भुवयांत कापसाचे तंतू. सखू हसली की ओठांवरचे तंतू उडायचे. सुट्टीच्या दिवशी दुपारी ती वाडीत यायची आणि मी तिला राहिलेलं लिहायला शिकवायची. मला दुसरं कुठलं अक्षर येत होतं? तिनं माझंच उचललं. दोन वर्षांत अशी वेळ आली की वहीतलं पान उलटवलं की कुठपर्यंत मी लिहिलंय आणि कुठून सखूनं, हे मलाही थांबून पाहावं लागे. ळ सुद्धा तसाच, खाली उतरलेला. आम्हाला त्याची गंमत वाटायची.

एकदा तिनं मला झडतीचं सांगितलं. जिनिंगातून सुटताना फाटकावर बायांची झडती होई, कोणी पदरात कापूस नेतं का ते बघायला. झडती घेणारे दोघं पुरुष. सखू सांगत होती तेव्हा मिरचीच्या वाफ्यात खाली बघून तण उपटत होती. "पयले पदर झटकाय लावत," ती म्हणाली. "आता हात घालतात. म्हाताऱ्यायले सोडत नाईत. माह्या मायले बी नाई सोडलं. ते आता पोलकं दोन दोन घालून येते." मी तिच्या बाजूला बसून तण उपटू लागले. तीच म्हणाली, "तुले लिवता येते ना. लिव काई."

ते दिवस असे होते की लिहिण्याला जागा मिळत होती. रानातून बंदूकवाली नक्षल माणसं गावात यायची, लोक त्यांना अण्णा म्हणत. आणि गावागावांत उघडपणे काम करणारा बायांचा संघम, म्हणजे संघटनाही होती. त्यातली एक जयक्का आमच्या गावी यायची. निळं लुगडं, पायात टायरच्या चपला, मराठी मोडकं. झाडाखाली बायांना जमवून ती गाणं म्हणायची, बाया ऐकायच्या, आवाज गोड आहे म्हणायच्या, आणि उठून जायच्या, कारण तेलुगूतला एक शब्द कोणाला कळत नव्हता. जयक्काला ते माहीत होतं. तिनं मला बाजूला घेतलं. "मी दहा गाणी म्हटलं, एक बाई रागावली नाही," ती म्हणाली. "तू तुमच्या भाषेत लिही. राग आला पाहिजे."

मी लिहिलं. वाडीतल्या झोपडीत, दिवसाढवळ्या, वांग्याच्या करंड्या पालथ्या घालून त्यांवर जयक्कानं दिलेली मेणकागदाची स्टेन्सिल ठेवून. शाई लावायची नसते, नुसत्या टोकानं खरवडायचं, आणि अक्षर जसंच्या तसं शेकडो कागदांवर उतरतं. त्या पत्रकात मोठे शब्द नव्हते. जी बाई दोन पोलकी घालून कामावर जाते तिचं मी लिहिलं, नाव न घेता. शेवटी लिहिलं की उद्यापासून फाटकात कोणी हात घातला तर साऱ्या जणींनी तिथंच खाली बसायचं. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी इतरांना वाचून दाखवलं. बाया खाली बसल्या. चार दिवस कापूस फाटकाबाहेर गाड्यांत पडून राहिला. जिनिंगवाल्यांनी शेवटी झडतीला एक बाई नेमली. आज त्या जागी मंगल कार्यालय आहे. मी तिथं दोन लग्नं जेवून आले, आणि दोन्ही वेळा त्या फाटकातून आत जाताना माझी मान ताठ झाली. मी लिहिलेल्या एका कागदानं काही बदललं असं आयुष्यात एकदाच झालं. त्याची किंमत मी दिली नाही.

पत्रक घेऊन पोलीस शाळेत आले. आमच्या भागात मराठी अक्षर शिकवणारा एकच माणूस, तेव्हा ते दुसरीकडं कुठं जाणार. एस्सै, म्हणजे ठाण्याचा फौजदार, तेलुगू माणूस होता, त्याला पत्रकातलं काही वाचता येत नव्हतं, पण आकार ओळखता येत होता. पोरांनी नंतर सांगितलं की गुरुजींनी कागद बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाले, वह्या ताडून बघतो, उद्या या. कपाटात माझ्या वह्या होत्या. दुसऱ्या दिवशी जीप शाळेपुढं थांबली, मग मागच्या गल्लीत गेली. ट्रॅक्टर यायच्या वेळेला, साऱ्या बाया चौकात उभ्या असताना, त्यांनी सखूला नेलं.

मी वाडीत होते. गयाबाईचा आवाज मी ओळखला. मी धावत घरापर्यंत आले, तर माय दारात उभी. तिनं माझा दंड धरला, आत ओढलं, कडी लावली. "गप बस," ती म्हणाली. "तोंड उघडशील तं तुह्या बापाले नेतील. वाडी जाईल. त्या पोरीले काय इचारतील अन् सोडून देतील. तिनं काई केलंच नाई तं काय करतील तिले?" त्या दिवशी मायनं अंबाडीची भाजी केली होती. मी जेवले. हे मला अजून समजत नाही, पण मी जेवले, आणि पोटभर जेवले.

अकरा दिवस मी मिरचीला पाणी दिलं. रोज सकाळी ठरवायची की आज ठाण्यात जायचं आणि सांगायचं. रोज काहीतरी निघायचं. बाबांचा पाय मुरगळला, पाहुणे आले, पाऊस आला. जयक्काचा निरोप आला होता की कोणी काही बोलू नका, संघमच्या बाया धोक्यात येतील. तोही मी पदरात बांधून ठेवला, कारण मला तो हवा होता. गयाबाई दोनदा गुरुजींच्या दारात जाऊन बसली. गुरुजी बाहेर आले नाहीत. ती आमच्या दारात मात्र आली नाही. तिला काही माहीत नव्हतं.

बाराव्या दिवशी सखू आली. चालत आली. उजवा हात पदरात गुंडाळलेला. तिला ठाण्यात कागद दिला होता, लिही म्हणाले होते, आणि तिनं लिहिलं तसा तो ळ खाली उतरला. मग त्यांनी विचारलं, तुला हा मजकूर देणारं कोण, ज्या बाया खाली बसल्या त्यांचा म्होरक्या कोण. सखूनं कोणाचं नाव घेतलं नाही. तिच्या उजव्या हाताची बोटं त्यांनी टेबलाच्या खणात ठेवून खण लावला. एकदा नाही. ती बोटं पुढं जुळली, पण आपापल्या मर्जीनं. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना कधी भेटलं नाही. जिनिंगवाल्यांनी तिला परत घेतलं नाही. ती डाव्या हातानं कापूस वेचायला शिकली. मी तिला भेटायला गेले तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून होती. मी बसले आणि उठून आले.

त्यानंतर साताठ वर्षं गेली. मी अंगणवाडीत लागले. कथा लिहू लागले. नागपूर, यवतमाळकडच्या मासिकांत त्या छापून येत. बायांवर लिहिणारी म्हणून लोक मला ओळखायला लागले, सभांना बोलवायला लागले, आणि मी चढून बोलतही असे. सखूचं मी कुठं काही लिहिलं नाही. मात्र एक गोष्ट मी रोज जपली, तव्यावरची भाकर जपावी तशी. ती म्हणजे गुरुजींचा राग. ते रस्त्यात दिसले की मी त्यांना नमस्कार करायची आणि मनात म्हणायची, थांबा.

ते निवृत्त झाले तेव्हा माझी वेळ आली. सरपंच घरी आले. शाळेच्या अंगणात मोठा सत्कार ठरला होता, गावजेवण होतं. "मानपत्र तुमी लिवा ताई," सरपंच म्हणाले. "त्याईच्याच हातच्या तुमी. तुमच्याशिवाय कोन लिवन?" मी हो म्हटलं. चार दिवस मी ते मानपत्र लिहीत होते. जाड पिवळसर कागद आणला, बोरू तासला, कधी नव्हे असं अक्षर काढलं.

अंगणात मांडव होता. एका बाजूला बुंदी पाडत होते, वांग्याची भाजी मोठ्या गंजात शिजत होती, वांगी आमच्याच वाडीतली. माय बायांत बसून मेथी निवडत होती. सखू आली नव्हती. गुरुजी खुर्चीवर, अंगावर शाल, मांडीवर नारळ. मी उभी राहिले. पहिला परिच्छेद मी खरा लिहिला होता. या गावातल्या तीन पिढ्यांना आपण लिहायला शिकवलंत, मनगट धरून शिकवलंत. गुरुजींचे डोळे भरून आले. मी थांबले, ते नीट बघून घेतलं, आणि पुढचं वाचलं.

"आपण अक्षर इतकं चांगलं ओळखता, की पोलिसांनी एक पत्रक पुढं धरलं तेव्हा ते कोणाचं आहे हे आपल्याला पहिल्या ओळीतच कळलं. ते या सुमनचं होतं. आपण सखूचं नाव सांगितलंत. कारण सखूला बाप नाही, वाडी नाही, आणि तिच्या वह्या आपल्या कपाटात नाहीत. तिची बोटं मोडली. आपण त्यानंतरही पोरांची मनगटं धरून त्यांना अक्षर शिकवत राहिलात. या उपकाराबद्दल हे गाव आपलं ऋणी आहे."

बुंदीवाल्याचा झारा थांबला. सरपंचांनी माईकची वायर ओढली, पण माझं वाचून झालं होतं. मला फार आनंद झाला होता. मी मानपत्राची गुंडाळी केली आणि रीतीप्रमाणे गुरुजींच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण आवाज नेहमीचा होता, वर्गातला. फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू ते म्हणाले, "अर्धंच लिहिलंस सुमन. आईला विचारून पूर्ण कर."

मी वळून बायांकडं पाहिलं. मेथीची जुडी तिथंच पडली होती. माय नव्हती.

घरी आले तर ती चुलीपुढं होती. गावजेवणाच्या दिवशी घरात चूल कोण पेटवतं? तिनं पेटवली होती. भाकर थापत होती आणि बोलत नव्हती.

"माय, गुरुजी काय म्हनतात?"

"मले मालूम हाय काय म्हनत असन ते."

"तू गेली होती त्यायच्याकडं?"

"मी नाई गेली. तेच आले वाडीत, दुपारी. तू नदीवर होती. मले कागद दाखवला. म्हने, हे तुमच्या सुमनचं अक्षर हाय, मी खोटं नाई बोलू शकत." मायनं भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "मी पाय धरले त्यायचे. म्हनलं, एकच पोर हाय मले. ते म्हने, मंग मी सांगू कोनाचं? कोनाचं तरी सांगा लागन."

तिनं चुलीत काडी सारली. मी विचारायच्या आधी तिनंच सांगितलं.

"मी म्हनलं, सखू बी असंच लिवते."

तव्यावरची भाकर फुगली. तिनं ती उलटली. इतक्या वर्षांत मी मायच्या हातून भाकर करपलेली पाहिली नाही, तेव्हाही ती करपली नाही.

"तुले काई वाटलं नाई, माय?"

"वाटलं. रोज वाटते. गयाबाईच्या दारावरून मी आजलोक गेली नाई, वळसा घालून जाते." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "पन पुन्ना कोनी कागद घेऊन आलं ना, तं पुन्ना तेच नाव सांगीन. तुले काय करायचं ते कर."

मी काय केलं ते सांगते. मी त्याच दिवशी परसात तीन दगड मांडले. तेव्हापासून आमच्या घरात दोन चुली झाल्या. मी मायच्या हातचं अन्न पुन्हा तोंडात घातलं नाही, तिच्या माठातलं पाणी प्याले नाही. ती रोज माझं ताट वाढायची, झाकून ठेवायची, आणि संध्याकाळी बैलापुढं नेऊन ओतायची. बाबा एक भाकर तिच्या चुलीपाशी खात आणि एक माझ्या. तेरा वर्षं असं चाललं. शेवटच्या आजारात तिनं माझ्याकडं पाणी मागितलं. बाबांनी पाजलं. मी दारात उभी होते. लोक विचारतात, एवढं करून मन शांत झालं का. शांत होण्यासाठी मी ते केलंच नव्हतं. तिला लागावं म्हणून केलं होतं, आणि तिला लागलं.

पण हे पुढचं. मानपत्राच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सखूकडं गेले. मला वाटत होतं, मी तिच्यासाठी काहीतरी मोठं करून आले आहे. ती एका शेतात वेचणीला होती, कमरेला ओटी बांधलेली, डावा हात बोंडावर चिमणीसारखा चालत होता. तिला सारं कळलं होतं. गावात कोणाला कळलं नव्हतं? मी तिला मायचंही सांगितलं, काही न लपवता. ती वेचत राहिली. ओळ संपल्यावर सरळ उभी झाली.

"गुरुजी भ्याले," ती म्हणाली. "तुह्या मायले तू पायजे होती. ते बी समजते. तू काऊन गप्प राह्यली वं?"

मी काहीतरी बोलायला लागले, बाबांचं, संघमचं, निरोपाचं. तिनं ते पूर्ण ऐकूनही घेतलं नाही.

"ठान्यात रोज दार वाजे तं मले वाटे, सुमन आली. आता म्हनन, अक्षर माहं हाय, हिले सोडा. म्हनून मी कोनाचं नाव घेत नव्हती. म्हनलं, तिचं तिले सांगू द्याव." ती हाताकडं नाही, माझ्याकडं बघत होती. "अकरा दिवस वाट पायली. मंग आठ वर्सं. अन् तू सांगतलं कोठं, तं मांडवात, माईकवर. मले इचारलं बी नाई."

मी म्हटलं, मी आजच ठाण्यात जाते, लिहून देते. आणि गेलेही. तिथं नवा माणूस होता, जुना कुठल्या कुठं बदलून गेला होता. माझी दरखास्त त्यानं वाचून घेतली आणि म्हणाला, ते प्रकरण कधीच मिटलं, आता कशाला ताई. त्यानं मला चहा पाजला. मला कोणी अटक करायला तयार नव्हतं. परत येऊन मी सखूला ते सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा हसली, आणि ते हसणं काही चांगलं नव्हतं.

"त्याईनं नाई देली तं मी देते शिक्षा," ती म्हणाली. "ते अकरा दिवस म्हनत होते, हे अक्षर तुहं हाय. मी म्हने, नाई. आता म्हनते, हो, माहं हाय. आजपासून तू जे काय लिवशीन त्याच्याखाली माहं नाव. तुहं कोठंच नाई. जगशीन तोवर."

मला वाटलं ती रागात बोलते आहे, उतरेल. उतरलं नाही. पुढच्या महिन्यात मी एक कथा घेऊन गेले, तिनं ऐकली, दोन ठिकाणी 'खोटं हाय' म्हणाली, ती मी बदलली, आणि ती 'सखू गयाबाई' या नावानं छापून आली. मग दुसरी, मग पुस्तक. माझं नाव लोक विसरले. लिहायचं सोडलं म्हणाले, मांडवातल्या प्रकारानं डोकं फिरलं म्हणाले. सखू गयाबाईचं नाव मात्र वाढलं. तिला सत्काराला बोलवत. ती जाई, खुर्चीवर बसे, चार वाक्यं बोले, आणि लोकांना ती फार आवडत. मी खाली, तिची पिशवी मांडीवर घेऊन. एकदा एका कॉलेजातली बाई पुस्तक घेऊन सहीसाठी आली, तर सखूनं शाईचं पॅड मागवलं आणि डाव्या हाताचा अंगठा उठवला. ती बाई भारावून गेली. सखूनं गर्दीतून मला शोधून काढलं आणि ती बाई वळेपर्यंत माझ्यावरची नजर काढली नाही. मानधन, शाल, जे येई ते तिचं. मी तिचा हात झाले होते, दुसरं काही नाही. गुरुजींवरचा माझा सूड मांडवात दहा मिनिटांत संपला होता. तिचा तीस वर्षं चालला आहे, आणि खरं सांगायचं तर तो माझ्यापेक्षा चांगला रचलेला आहे.

आम्ही दोघी आता म्हाताऱ्या आहोत. ती मागच्याच गल्लीत राहते, पक्कं घर बांधलंय, गयाबाई शेवटी त्याच घरात गेली. मी रोज संध्याकाळी लिहिलेलं घेऊन जाते. तिला मोतीबिंदू झालाय, ती डोळे मिटून ऐकते. हे प्रकरण मी तिला काल वाचून दाखवलं, पुरणाच्या पोळीपासून. खणाचं आलं तिथं ती म्हणाली, "हळू वाच." संपल्यावर मी कागद सारखे केले आणि सवयीनं शेवटच्या पानावर तिचं नाव लिहायला घेतलं.

"माहं नाव नको टाकू याले," सखू म्हणाली.

मी म्हटलं, "मंग?"

"कथा माह्या होत्या. हे तुहं हाय. याच्याखाली तुहं नाव टाक, अन् साऱ्यायले वाचू दे."